कॅम्परव्हॅनला बाहेरची वीज जोडताना

कॅम्परव्हॅन असो की कॅरॅव्हॅन, उभी असते रबरी टायरवर. आत कुठे फेजची वायर घासून पत्र्याला टेकली आणि अर्थिंग तुटलेलं असेल, तर अख्खी बॉडी 230 व्होल्टवर जाते आणि काहीच ट्रिप होत नाही. आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो तो ओल्या गवतावर उभं राहून कुणी दाराला हात लावल्यावर, म्हणजे त्या माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर. अर्थिंग नसलं तरी दिवे, फ्रिज सगळं चालू राहतं, त्यामुळे पत्ता लागत नाही. म्हणून आधी तेच तपासायचं.

व्हॅन आणि वीज देणारा खांब यांच्यामधली केबल दोन्हीकडून काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक व्हॅनच्या इनलेटमधल्या, म्हणजे केबल लागते तिथल्या, अर्थ पिनेला लावा (तीन पिनांतली जाड ती), दुसरं चॅसिसच्या रंग खरवडलेल्या बोल्टला. आकडा 1 ओहमच्या खूप आत हवा. मग केबलची अर्थ वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच मोजा आणि मोजतानाच प्लगजवळ केबल वाकवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर तार आतून तुटत आलीय. बहुतेक वेळा ती तुटते तिथेच.

केबल रबरी आवरणाची, तीन कोरची, 2.5 चौरस मिमीची. प्लग निळे, 16 अँपिअरचे. 25 मीटर पुरते. घरातला एक्स्टेंशन बोर्ड पावसात चालत नाही, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. ड्रमवरची केबल पूर्ण सोडा. गुंडाळी तशीच ठेवून हीटर लावला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. इनलेटखाली केबलला झोळ द्या, म्हणजे पाणी प्लगमध्ये न शिरता खाली ठिबकेल.

व्हॅनमध्ये स्वतःचा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. खांबावरच्या आरसीसीबीवर भिस्त नको. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) डबल पोल घ्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. काही ठिकाणी खांबावर फेज-न्यूट्रल उलटे असतात; सिंगल पोल तिथे फक्त न्यूट्रल तोडतो, उपकरण जिवंतच राहतं.

जोडताना व्हॅनचा मेन स्विच बंद करून केबल आधी व्हॅनला, मग खांबाला. काढताना आधी खांबाकडून, नाहीतर हातात जिवंत टोक येतं. मेन चालू केला की आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ते आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. नंतर सॉकेट टेस्टरने फेज-न्यूट्रल बघा. उलटे निघाले तर केबल काढून खांब बदलून मागा.

खांबावर 10 अँपिअर असतील तर मिळतात 2300 वॅट. 2000 वॅटची किटली आणि 1000 वॅटचा हीटर एकदम चालणार नाहीत.

आरसीसीबी पडला तर तो परत परत वर करू नका. सगळे प्लग काढा, तो चालू करा, मग एकेक उपकरण लावत जा. बराच काळ बंद असलेल्या गीझरच्या एलिमेंटमध्ये ओल शिरलेली असते, पहिला संशय त्याच्यावर. सगळं काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. मेन बंद, केबल खांबावरून काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.