मंडळीत आई-बापांच्या हातच्या वस्तूंचा लिलाव: कोणाचंही तोंड न उतरवता कसा करावा

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, ज्येष्ठांच्या सन्मानाचा कार्यक्रम ठरला की पहिली सूचना हमखास शाल-श्रीफळाची येते. सत्तरी ओलांडलेल्यांना रांगेत उभं करायचं, शाल पांघरून फोटो काढायचा आणि मग तासभर त्यांनी स्टेजवर बसून आपलीच भाषणं ऐकायची. दुसरी सूचना निधीची असते: पावतीपुस्तक घ्या आणि घरोघर फिरा. दोन्ही बाजूला ठेवा. ज्यांचे हात आयुष्यभर कामात गेले त्यांच्याकडे त्या हातांचं काहीतरी मागा, त्याचा लिलाव करा आणि आलेला पैसा त्यांच्याच उपयोगी आणा.

लिलाव आपल्याला नवा नाही. हंगामाच्या सणाला कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी वेदीपुढे येते आणि उपासना सुटली की अंगणात बोली लागते. म्हणून लोकांना वाटतं, तसंच करायचं, त्यात काय एवढं. तिथेच घोळ होतो. भोपळ्याला दहा रुपये आले तर भोपळ्याला काही वाटत नाही.

आधी ठराव, मग जाहिरात

पैसा कशासाठी हे कमिटीच्या वहीत लिहून घ्या, तोंडी नको. बायबलातल्या मार्क ७ मध्ये येशू परुश्यांना आणि शास्त्र्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, बोलतो ते याच गोष्टीवरून. जे आई-बापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगायचं आणि हात झटकायचे. तेव्हा आई-बापांच्या नावाने जमवलेल्या पैशातून अंगणात पेव्हर ब्लॉक बसवू नका. साउंड सिस्टिमही घेऊ नका.

माझं मत पक्कं आहे: वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची आणि डोक्याकडून वर होणारा पलंग घ्या, आणि लागेल त्या घराला मंडळीतर्फे वापरायला द्या. खुब्याचं हाड मोडलं की घराला हे सगळं चार-सहा महिने लागतं, नंतर माळ्यावर धूळ खातं. एक नोंदवही आणि कुलपाची एक खोली, एवढ्यावर हे वर्षानुवर्षं चालतं.

तारीख

मातृदिन मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो आणि तेव्हा निम्मी मंडळी लग्नांत असते. पितृदिन जूनच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे पावसाच्या तोंडावर. कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा असतो. पोप फ्रान्सिस यांनी तो सुरू केला, मरियेच्या आई-वडिलांच्या, योआकीम आणि ॲना यांच्या २६ जुलैच्या सणाला धरून. ज्या धर्मग्रामाला मोठा हॉल आहे त्याने तो दिवस जरूर धरावा.

बाकीच्यांनी २६ ते ३० डिसेंबरमधली एक दुपार घ्यावी. पुण्या-मुंबईला गेलेली मुलं नाताळाला घरी आलेली असतात, आणि बोली लावणारे तेच. ३१ तारीख वर्षअखेरच्या उपासनेची, तिला हात लावू नका. चार वाजता सुरू करा आणि सातच्या आत आटपा. डिसेंबरच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांना अंगणात बसवून ठेवण्यात कसला आलाय सन्मान?

वस्तू गोळा करणं

तीन आठवडे आधी तरुण संघाची पोरं घरोघर पाठवा. प्रत्येक ज्येष्ठाकडून एकच वस्तू, विकतची नको. बायकांकडून अडचण येत नाही: गोधडी, शेवया, कुरडया, काळा मसाला, लिंबाचं लोणचं, नाताळच्या करंज्या. पुरुष मात्र “मला काय येतंय” म्हणून बसतात. त्यांना नेमकं विचारा. कोणी खाट विणतो, कोणी विळ्या-कोयत्यांना धार लावतो, कोणी पेटी वाजवतो. “चार संध्याकाळी पेटी शिकवीन” अशी एका कागदावर लिहिलेली चिठ्ठीसुद्धा लिलावात चालते. निवृत्त मास्तरांच्या अक्षरात लिहून मिळणारी लग्नपत्रिका मी जोरात गेलेली पाहिली आहे.

जे अंथरुणाला आहेत त्यांना वगळू नका. एका आजींनी पडल्यापडल्या वाती वळून दिल्या होत्या. ख्रिस्ती घरात वाती कशाला, असं कोणीतरी कुजबुजलंच. लाईट गेल्यावर लागतात, असं आजींनी सांगून पाठवलं.

लिलाव: इथे घाई करू नका

एका मंडळीतलं दृश्य सांगतो. पुकारणारा तरुण, हातात माईक, अंगात उत्साह. एका विधवा मावशींच्या कुरडयांची पिशवी वर धरली. “बोला, पन्नास!” कोणी बोलेना. “बरं, तीस! वीस!” मावशी दुसऱ्या रांगेत, मांडीवरच्या रुमालाची घडी उलगडतायत, पुन्हा घालतायत. शेवटी दहावर एक हात वर झाला, आणि पुकारणारा हसत म्हणाला, “घ्या, फुकटच पडल्या!” लगेच पुढची वस्तू आली ती बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या घरची. मुलगा दुबईला. तिला पहिलीच बोली हजाराची. दोन मिनिटांत अख्ख्या मंडळीसमोर दोन म्हाताऱ्या माणसांच्या किमती लागल्या. मावशी जेवायला थांबल्या नाहीत.

यात पुकारणाऱ्याचा दोष थोडा, पद्धतीचा जास्त. उघड्या बोलीत वस्तूची किंमत होतच नाही. ज्याची मुलं कमावती, ज्याचा गोतावळा मोठा, त्याची किंमत होते. यावर लोक जे उपाय सांगतात ते सगळे निकामी आहेत. “किमान बोली ठेवा” म्हणतात. ठेवा, शंभरावर कोणीच हात वर केला नाही तर ती शांतता दहा रुपयांपेक्षा वाईट. “मुलांना बोली लावायला सांगा” म्हणतात. सख्ख्या मुलाने हात वर केला की बाकीचे भिडेखातर गप्प बसतात आणि वस्तू तिथेच स्वस्तात तुटते. शिवाय ज्यांना मूलबाळ नाही त्यांचं काय? आणि सगळ्यांत वाईट सल्ला म्हणजे फेरबोली. जिंकणाऱ्याने वस्तू परत द्यायची आणि तिचा पुन्हा लिलाव. कलिंगडाला ते शोभतं, एकच कलिंगड पाच वेळा विकलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण जिने सहा महिने टाके घातले तिच्यासमोर गोधडी परत टेबलावर ठेवायची? ती हेच समजणार की कोणाला नको आहे.

त्यामुळे धान्य, भाजी, कोंबडीचा लिलाव आधी नेहमीसारखा उघड करा. तिथे दुबईवाल्यांना काय चढवायची ती बोली चढवू द्या, एकवार, दोनवार, तीनवार. ज्येष्ठांच्या वस्तूंसाठी मात्र आम्ही जिला घंटेची बोली म्हणतो ती लावा.

ती अशी. पुढे टेबलावर स्टीलचा एक मोठा डबा, शेजारी वस्तू. प्रत्येक बोली दहा रुपयांचीच, वर नाही, खाली नाही. ज्याला वस्तू हवी तो येतो, दाराशी आधीच विकत घेतलेलं दहाचं कूपन डब्यात टाकतो आणि स्वतःचं नाव सांगतो. पुकारणारा ते नाव मोठ्याने म्हणतो. लगेच दुसरा टाकतो, तिसरा टाकतो, पहिला पुन्हा येतो. टाकलेलं परत मिळत नाही. घंटा वाजली की पुकारणाऱ्याच्या तोंडून निघालेलं शेवटचं नाव जिंकलं. वाद घालायला जागा नको म्हणून नियम असाच ठेवा: डब्यात कोणाचा हात होता ते बघायचं नाही, माईकवर शेवटचं नाव कोणाचं ते ऐकायचं.

घंटा केव्हा वाजणार हे एकालाच माहीत. पाळकबाईंना (पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू) मागे, गर्दीकडे पाठ करून बसवा. त्यांच्याकडे घड्याळ आणि चिठ्ठ्यांची वाटी: ६० सेकंद, ९० सेकंद, १५० सेकंद. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी उचलायची. पाठ का? कारण आपल्या माणसाची पाळी आली की सगळ्यांचाच हात घंटेकडे जातो, पाळकबाईंचासुद्धा.

याने काय साधतं ते नीट समजून घ्या, कारण कमिटीत तुम्हाला ते पटवून द्यावं लागेल. डब्यातली कूपनं वस्तूगणिक मोजायचीच नाहीत, सगळी एकत्र. कुरडयांना किती आणि गोधडीला किती हे कोणालाच कळत नाही, कळू शकत नाही. पोरं दहा-दहा रुपयांसाठी धावत सुटतात, त्यामुळे कुठल्याच वस्तूपुढे शांतता होत नाही. पैसा आधीच डब्यात असतो, म्हणून उधारी नाही. उघड्या लिलावात बोललेले पैसे ईस्टरपर्यंत मागत फिरणारे खजिनदार मला माहीत आहेत.

खजिनदार एक आक्षेप घेतील: चांगल्या गोधडीला उघड्या बोलीत दोन हजार येतील, तुमच्या डब्यात तीस कूपनं पडली तर तीनशेच. हिशेब बरोबर आहे. तरी ऐकू नका. एक गोधडी उघड्या बोलीत काढली की उरलेल्या सगळ्या वस्तू आपोआप हलक्या ठरल्या. बायबलातल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे अगदी लहान नाण्यांवर, दरवर्षी उपदेश ऐकायचा आणि लिलावात हे करायचं, हे जमत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे: घंटेत नशीब आलं, म्हणजे हा जुगार नाही का? काही जुन्या सभासदांना तसं प्रामाणिकपणे वाटतं. पाळकांशी आणि त्यांच्याशी आधी बोला. मन मानत नसेल तर घंटा सोडून द्या आणि सरळ ठरावीक किमतीत विका, सगळ्यांच्या वस्तूंना एकच किंमत. मजा जाते, पण कोणाचं काही बिघडत नाही.

क्रमाबद्दल एकच गोष्ट. सुरुवातीला काहीतरी हसवणारं ठेवा, धार लावून देण्याची चिठ्ठी वगैरे. ज्यांच्या घरचं कोणी आलेलं नाही त्यांच्या वस्तू मध्यावर आणा, गर्दी तापलेली असताना. वस्तू पंचविसाच्या वर गेल्या तर दोन-दोन जोडून काढा, नाहीतर शेवटच्या दहांना टाळ्या वाजवायलाही कोणी उरत नाही. वस्तूची ओळख एका वाक्यात: कोणी केली, कशी केली. मुलं कुठे असतात, किती कमावतात, हे माईकवर नको.

आणि जे घरून आले नाहीत त्यांची वस्तू जिंकणाऱ्याच्या हातात तिथे देऊ नका. नाव लिहून ठेवा. त्याने त्यांच्या घरी जाऊन ती घ्यायची, चहा पिऊनच निघायचं.

बाकी कार्यक्रम

सुरुवातीला प्रार्थना, एक शास्त्रपाठ (निर्गम २०:१२, आई-बापांचा मान राखण्याची आज्ञा, सगळ्यांना पाठ आहे, लेवीय १९:३२ घ्या: पिकल्या केसांसमोर उठून उभं राहण्याची आज्ञा) आणि नारायण वामन टिळकांचं एखादं भजन. पाठ वाचून झाला की मंडळीने खरोखर उठून उभं राहावं. भाषण नाही.

हाऊजी (तंबोला) खेळवायची असेल तर तिकिटं मोठ्या अक्षरांत छापा आणि आकडा फोडून पुकारा: “सहा दोन, बासष्ट.” बासष्ट आणि बाहत्तर, एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं फुल हाऊस जातं. बक्षिसं वस्तूंचीच द्या, पैशाची नकोत. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहेच, आणि त्याहून कडक आपल्या काही आज्या आहेत.

हात असलेल्या खुर्च्या पुढे, स्वच्छतागृहाकडे जायची वाट मोकळी. प्रीतिभोजनात भाकरी घरोघरची, रस्सा एकत्र. ज्येष्ठांना जागेवर वाढा.

पैसे

कूपनांचं टेबल दाराशी लावा. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा हवा, खजिनदारांच्या खाजगी मोबाईलचा नको, मग ते कितीही सज्जन असोत. दगडी चर्चच्या आत नेटवर्क मरतं, हेही टेबल दाराशी लावायचं एक कारण. उरलेली कूपनं परत घेतली जाणार नाहीत हे घेतानाच सांगा. मोजायला दोघं, वेगवेगळ्या घरचे, दोघांच्या सह्या. एकूण रक्कम त्याच संध्याकाळी, शेवटच्या प्रार्थनेआधी जाहीर करा. कोणी ८०जीची, म्हणजे दानावर प्राप्तिकरात सवलत मिळवायची, पावती मागेल. वस्तू घेऊन दिलेले पैसे दान होत नाहीत, तेव्हा नाही म्हणा. ज्याला सवलत हवी त्याने वेगळं दान द्यावं, तेही रोख २,००० रुपयांच्या आत किंवा सरळ बँकेतून, आणि तुमच्या ट्रस्टची ८०जी नोंदणी असेल तरच.

दुसऱ्या दिवशी बरण्या आणि डबे ज्याचे त्याच्या घरी पोचवायचे. प्रत्येकाच्या बुडाला आधीच नावाची चिकटपट्टी लावलेली असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. नसेल तर पुढच्या वर्षी कोणीही लोणचं देणार नाही. झाकणांनाही चिकटपट्टी लावा.