इम्प्लांटवरची कवळी: घेण्याआधी काय समजून घ्यावं आणि रोज कशी सांभाळावी

खालची कवळी हलते, ही तक्रार घरोघरी असते. वरची कवळी निदान टाळूला चिकटून राहते. खाली तसा आधार नाही, शिवाय जीभ सतत हलत असते. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, आणि खालचं तर वरच्यापेक्षा बरंच जास्त. मग एकेकाळी घट्ट बसणारी कवळी भाकरीच्या घासाबरोबर उचलली जाते आणि माणूस वरणभातावर येतो.

यावरचा उपाय म्हणजे हाडात टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवून कवळी त्यांवर अडकवणं. हाड टायटॅनियमला आपलंसं करतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवर प्रयोग करताना दिसलं. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. त्या रुग्णाने ते चाळीस वर्षं, अखेरपर्यंत वापरले.

१. कोणती कवळी हवी ते ठरवा

एक प्रकार आपल्या हाताने काढता-घालता येतो. इम्प्लांटवर छोटी धातूची बटणं असतात आणि कवळीच्या आत नायलॉनच्या टोप्या. दोन्ही टिचकन एकमेकांत बसतात. काही वेळा बटणांऐवजी इम्प्लांटना जोडणारी पट्टी असते. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रूने पक्के केलेले दात, जे फक्त डॉक्टरच काढू शकतात. त्याला इम्प्लांट जास्त लागतात आणि खर्चही बराच होतो.

२००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली पसंती असावी. वरचं हाड मऊ असल्यामुळे तिथे बहुधा चार तरी लागतात. माझं मत विचाराल तर हात थरथरणाऱ्या, नजर अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी काढता येणारीच बरी. उद्या ते अंथरुणाला खिळले तरी घरचं कुणीही ती काढून धुऊ शकतं. पक्क्या दातांखाली साचलेलं अन्न काढणं घरच्यांना फार जड जातं.

खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात आधी चौकशी करा.

२. डॉक्टरांपासून काही लपवू नका

मधुमेह ताब्यात आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे सांगाच. पण त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती औषधं, म्हणजे आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेलं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन, हमखास सांगायची राहतात. क्वचित प्रसंगी त्यांच्यामुळे जबड्यातली जखम भरत नाही. बिडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांबद्दलही खरं सांगा. मिश्रीला बऱ्याच बायका व्यसन मानतच नाहीत, पण तीही तंबाखूच आहे.

३. हाड भरेपर्यंत दम धरा

खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वर चार ते सहा. तोवर मऊ खा आणि डॉक्टरांनी दिलेली तात्पुरती कवळी सांगितली तेवढीच वापरा.

४. कवळी घालायची आणि काढायची पद्धत

घालताना बोटांनी दोन्ही बाजूंनी सारखी दाबा. दात चावून बसवायची सवय लागली तर बटणं आणि टोप्या लवकर खराब होतात. काढताना दोन्ही अंगठे कडांखाली घालून सरळ वर उचला. एकाच बाजूने ओढू नका. नायलॉनच्या टोप्या कमी-जास्त पकडीच्या मिळतात, आणि एका प्रचलित प्रकारात तर रंगावरूनच पकड कळते: निळी हलकी, गुलाबी मध्यम, पारदर्शक घट्ट. आमच्या आत्याला संधिवातामुळे कवळी निघेचना. डॉक्टरांनी निळ्या टोप्या घातल्या आणि प्रश्न सुटला.

५. रोजची स्वच्छता

कवळी जेवणानंतर खळखळून धुवा आणि रात्री नीट घासा. बेसिनमध्ये ओला टॉवेल अंथरा किंवा थोडं पाणी साठवा, म्हणजे हातून निसटली तरी तडकणार नाही. मऊ ब्रश आणि हात धुण्याचा साधा साबण पुरतो. टूथपेस्टने घासू नका. तिच्यातल्या कणांनी बारीक चरे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. राख, मीठ नको. उकळतं पाणीही नको, कवळी वाकडी होते. ब्लीचने धातूचे भाग गंजतात. टोप्यांच्या खळग्यांत अन्न अडकतं, तिथे ब्रश आवर्जून फिरवा. झोपताना कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. हिरड्यांना ती विश्रांती लागतेच.

मात्र निम्मं काम अजून तोंडात बाकी असतं, आणि हेच बहुतेक जण विसरतात. प्रत्येक बटणाभोवती, हिरडीला लागून, लहान डोक्याच्या मऊ ब्रशने गोल फिरवा. जिभेकडची बाजू आरशात दिसत नाही, म्हणून ती राहून जाते. पट्टी असेल तर तिच्याखालून दातांच्या फटींत घालायचा बारीक ब्रश फिरवा. पक्के दात असतील तर जाड फ्लॉस, म्हणजे फटींतून ओढायचा दोरा, आणि पाण्याची पिचकारी मारणारं यंत्र रोज वापरा.

६. दुखण्याची वाट पाहू नका

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीच्या हिरडीला सूज येते आणि मग आतलं हाड हळूहळू झडतं. बहुतेक वेळा ते अजिबात दुखत नाही. म्हणून डोळ्यांनीच लक्ष ठेवायचं. ब्रश फिरवताना रक्त, बटणाभोवती लाली, पू, तोंडाला वास, किंवा बटणच हलतंय असं वाटलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. नुसती सूज असेल तर ती बरी होते. गेलेलं हाड परत मिळवणं फार कठीण असतं.

कवळी सैल वाटली तर चिकटवायची पावडर लावून दिवस काढू नका. बहुधा टोप्याच झिजलेल्या असतात. त्या वर्षा-दोन वर्षांनी बदलाव्या लागतातच आणि ते काम खुर्चीत बसल्या बसल्या होतं. मागच्या दाढांवर बोट दाबल्यावर पुढची बाजू उचलली गेली, तर खालचं हाड झिजलंय असं समजा. कवळीला आतून भर घालून घ्यावी लागेल.

७. तपासणी आणि कार्ड

सहा महिन्यांनी दाखवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढा. इम्प्लांटची कंपनी, लांबी, जाडी आणि बटणाचा प्रकार लिहिलेलं कार्ड पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा. प्रत्येक कंपनीचे भाग वेगळे असतात. गाव बदललं किंवा डॉक्टर निवृत्त झाले, तर नवे डॉक्टर त्या कार्डावरूनच नेमकी टोपी आणि स्क्रू मागवू शकतात.