अँकोव्ही ब्रॉथ कडू का होतो, आणि चांगला कसा करायचा

कोरियन नूडल सूप घरी करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, ब्रॉथ कडवट झाला नाहीतर नुसता मासळीचा वास मारतोय. बहुतेक वेळा कारण एकच, हाडांच्या सूपसारखा तो तासभर उकळत ठेवलेला असतो. म्योल्चीचा, म्हणजे सुकवलेल्या अँकोव्ही या छोट्या समुद्री माशाचा ब्रॉथ उकळी आल्यापासून पंधरा मिनिटांत तयार होतो, खरी मेहनत गॅस पेटवायच्या आधीच करायची असते.

ब्रॉथसाठी मोठे मासे घ्या, साधारण बोटाएवढे, चंदेरी आणि खडखडीत सुकलेले. पिवळे पडलेले, खवट वास येणारे अजिबात नको. बारीक मासे मिळतात ते गोडसर-तिखट परतून भाताबरोबर खायचे, ते वेगळे. आता एकेक मासा उघडून पोटातला काळा भाग काढून टाका, कडूपणा मुख्यतः तिथूनच येतो. डोकं काही जण ठेवतात, काही काढतात, मी काढायच्या बाजूची आहे कारण ब्रॉथ जास्त स्वच्छ लागतो. मग कोरड्या पातेल्यात मंद आचेवर दोनेक मिनिटं भाजा, ओलसरपणा आणि उग्र वास दोन्ही जातात. ही पायरी कृपया गाळू नका.

दीड लिटर पाण्याला 15-20 मासे, दाशिमाचा (सुकवलेलं समुद्री शेवाळ, जपानी लोकांचा कोंबू) तळहाताएवढा तुकडा, मुळ्याचे जाड काप आणि अर्धा कांदा. दाशिमावरची पांढरी पावडर बुरशी नाही, चवच आहे ती, धुवू नका, फडक्याने हलकं पुसा. सगळं गार पाण्यात अर्धा तास भिजवा, मग गॅस लावा आणि झाकण ठेवू नका, म्हणजे वास वाफेबरोबर उडून जातो. उकळी आली की पाच मिनिटांत दाशिमा बाहेर, नाहीतर ब्रॉथ बुळबुळीत होतो. मासे अजून दहा मिनिटं मंद आचेवर, वर येणारा फेस काढत राहायचं, मग गाळून घ्या.

दोन्ही एकत्र का, तर दाशिमात ग्लुटामेट असतं (1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी कोंबूतूनच ते वेगळं काढून त्याच्या भरीव, रसदार चवीला उमामी हे नाव दिलं) आणि सुक्या माशात इनोसिनेट, ही दोन एकत्र आली की उमामी नुसती बेरीज होऊन नाही तर कितीतरी पटीने वाढते. म्हणून एकट्या माशांचे दुप्पट नग टाकून ती चव येत नाही.

मीठ-मसाला शेवटी. कोरियात सूपसाठी वेगळा सोया सॉस असतो, गुकगांजांग, रंगाने फिका पण जास्त खारट, त्यामुळे एक-दोन चमचेच घाला आणि उरलेलं काम मिठाने करा, नाहीतर ब्रॉथ काळा होतो.

पहिल्यांदा जान्ची गुक्सू करा, लग्नसमारंभातलं सूप, लांब नूडल्स म्हणजे दीर्घायुष्य. सोम्योन नावाच्या बारीक गव्हाच्या नूडल्स माणशी 100 ग्रॅम, वेगळ्या उकळायच्या, फेस वर आला की अर्धा कप गार पाणी ओतायचं, असं दोनदा. लगेच गार पाण्यात हाताने चोळून धुवा, स्टार्च निघून जातो आणि नूडल्स चिवट राहतात. वाडग्यात नूडल्स, वरून कडकडीत ब्रॉथ, परतलेली झुकिनी, अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या, थोडं भाजलेलं किम (समुद्री शेवाळाचे पातळ कागदासारखे तुकडे).

काल्गुक्सू मात्र उलट, सुरीने कापलेल्या ताज्या नूडल्स थेट ब्रॉथमध्येच शिजवतात, पीठ सुटून तो दाटसर होतो, तिथे धुवायचं नाही, फक्त जास्तीचं पीठ झटका. हाच ब्रॉथ थोड्या फरकाने जपानच्या कागावा प्रांतात सानुकी उदोन या जाड गव्हाच्या नूडल्सना वापरतात, तिथे सुक्या माशाला इरिको म्हणतात, आणि मलेशियात पान मी या नूडल्सच्या सूपला, तिथे या माशाला इकान बिलिस म्हणतात. उरलेला ब्रॉथ फ्रिजमध्ये तीनेक दिवस टिकतो, जास्त केला असेल तर एकेका वाडग्याच्या मापाने फ्रीझ करा.