जुनी वेस्टर्ली सेंटॉर घेताना: आधी कील, मग खिडक्या, छत सर्वांत शेवटी

ओहोटी लागली की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कितीतरी खाड्यांत चिखल उघडा पडतो. एका खोल कीलची, म्हणजे तळाखाली एकच जड पातं असलेली, बोट तिथे कलंडते. वेस्टर्ली कंपनीची सेंटॉर ही शिडाची बोट मात्र आपल्या दोन कीलवर सरळ उभी राहते. कोकणातल्या खाडीत ओहोटीला टेकलेल्या होड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या सोयीची किंमत सांगायला नको. 26 फूट लांबीची, तीन फूट पाण्यात तरंगणारी, सुमारे तीन टनांची ही फायबरग्लासची बोट लॉरेंट जाइल्स यांच्या फर्मने आरेखली. 1969 ते 1980 या काळात अशा 2,400हून जास्त बोटी बांधल्या गेल्या, त्यामुळे निवडीला वाव भरपूर आहे. घाई करू नका.

पाहणीची सुरुवात कीलपासून करा, आणि बोट पाण्याबाहेर असतानाच. सेंटॉरच्या सांगाड्याला, म्हणजे फायबरग्लासच्या मुख्य कवचाला, खाली दोन बुंधे ओतलेले असतात आणि बिडाच्या कील त्यांना बोल्टने जोडलेल्या असतात. बोट दर ओहोटीला चिखलावर टेकते तेव्हा तिचं वजन या दोन कीलना बाहेरच्या बाजूला फाकवू पाहतं. वर्षानुवर्षं असं झालं की बुंध्यांच्या वरचा सांगाडा लवू लागतो आणि आतून केसासारख्या भेगा पडतात. म्हणून केबिनच्या फळ्या उचलून बिल्ज (फळ्यांखालचा बोटीचा तळ) कोरडं पुसा आणि टॉर्च आडवी धरून दोन्ही बुंध्यांच्या कडा तपासा. शक्य असेल तर क्रेनच्या पट्ट्यांतून बोट खाली उतरवताना हजर राहा. वजन कीलवर येताना सांध्याची फट उघडताना दिसली, तर दुखणं खरं आहे. कित्येक मालकांनी बिल्जमध्ये आडव्या फासळ्या लॅमिनेट करून हे आधीच दुरुस्त केलेलं असतं. अशी बोट मिळाली तर तिला जास्त मोल द्या. बोल्टच्या नटांखालून गंजाचा ओघळ दिसला, तर एखादा बोल्ट काढून पाहण्याची परवानगी मागा.

सुकाणूचं पातं खालच्या टोकाला धरून हलवा. थोडी ढिलाई चालते, खडखडाट नाही. सांगाड्यावर प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने ठोकत जा. टणक आवाज बदलून बोदा झाला की तिथे खडूने खूण करा. तळावर फोड असतील आणि फोडल्यावर आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं, तर तो ऑस्मॉसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरल्याचा आजार. चार-दोन फोडांनी बोट बुडत नाही: घासून मोकळे करा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, नीट वाळू द्या आणि इपॉक्सीने भरा. अख्खा तळ सोलायचा असेल, तर तो खर्च किमतीतून कमी करून घ्या. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या बोटीवर आर्द्रता मोजणाऱ्या मीटरचा आकडा भरवशाचा नसतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालकाने तुमच्या आधी येऊन ते गरम करून ठेवलं असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे तेल जळतंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर जपून. एक्झॉस्टमधून पाणी जोरात यायला हवं. कमी आलं तर आधी इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा) आणि मिठाने चोंदलेली एक्झॉस्टची कोपर पाहा. अनेक सेंटॉरमध्ये व्होल्वो पेंटाची जुनी, समुद्राच्या पाण्यानेच थंड होणारी इंजिनं आहेत. मीठ ती आतून खातं. नवं इंजिन बसवण्याचा खर्च बोटीच्या किमतीहून सहज जास्त होतो. म्हणून कळकट केबिन आणि धडधाकट इंजिन असलेली बोट घ्या. नव्या गाद्या आणि संशयास्पद इंजिन असलेली सोडा.

कागदपत्रांत विक्रीखतांची साखळी महत्त्वाची. ब्रिटनमधली छोट्या बोटींची एसएसआर (स्मॉल शिप्स रजिस्टर) नोंदणी हा मालकीचा पुरावा नव्हे. इतक्या जुन्या बोटीचा विमा उतरवताना बहुतेक कंपन्या सर्व्हेअरचा अहवाल मागतात, तेव्हा सौदा त्या अहवालावर अवलंबून ठेवा. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांहून जुन्या असतील, तर त्या बदलायच्याच असं धरून चाला. भिंगातून टोकांजवळ पाहा: एकही तुटलेला तंतू किंवा टोकाच्या नळीवर चीर दिसली, तर वय कितीही असो, तार बाद.

दुरुस्तीत पहिला मान पाण्याखालच्या भोकांचा. त्या भोकांवरचे जुने पितळी सीकॉक (बंद करता येणाऱ्या तोट्या) समुद्राच्या पाण्यात आपलं जस्त गमावतात. खरवडल्यावर धातू गुलाबी दिसला तर तो आता स्पंजसारखा झालाय. जागी कांस्याचे किंवा सीआर शिक्क्याचे डीझेडआर, म्हणजे जस्त न गमावणाऱ्या पितळेचे, बसवा, नळीवर जागा असेल तिथे दोन-दोन स्टेनलेस क्लिपा लावा आणि प्रत्येकाशेजारी लाकडी बुचं बांधून ठेवा. गॅसच्या कप्प्याची मोरी थेट बोटीबाहेर उतरते ना, तेही पाहा. गॅस हवेहून जड असतो, गळला तर बिल्जमध्ये साचतो. हे काम बोटींची पात्रता असलेल्या ब्रिटनच्या ‘गॅस सेफ’ यादीत नोंदणीकृत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

मग खिडक्या. कुठून गळतंय ते शोधायला एकाने आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी खालून वर हळूहळू न्यावी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. फटीवर बाहेरून सिलिकॉन फासू नका. ते काही महिन्यांत सुटतं आणि त्याच्या उरलेल्या थरावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. चौकट पूर्ण काढा, जुना मस्तिक (सांध्यातला चिकट लांबीसारखा थर) खरवडा आणि ब्युटिल या मऊ, चिकट रबरी टेपवर पुन्हा बसवा. काच म्हणून अ‍ॅक्रिलिक असेल, तर पॉलिसल्फाइड सीलंट टाळा. काही प्लॅस्टिकना ते खातं. स्क्रू एकदम आवळू नका. ब्युटिल हळू दबतं, म्हणून दोन-तीन दिवस थोडे थोडे पिळा आणि बाहेर आलेलं कापून टाका. डोलकाठीच्या तारा ज्या यू-बोल्टना बांधल्यात, तेही असेच काढून बसवा. तिथली गळती आतल्या प्लायवुडच्या भिंती कुजवते.

आता केबिनचं आतलं छत. जुन्या वेस्टर्लींचं हे सर्वपरिचित दुखणं: व्हिनाइलच्या मागचा फोम पीठ होऊन झडतो आणि आवरण झोळीसारखं लोंबतं. मास्क आणि गॉगल लावून व्हिनाइल ओढून काढा, उरलेला फोम ड्रिलवरच्या ताठ ब्रशने घासा. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, पण इथे राहिलेल्या फोमवर नवा गोंद टिकत नाही. पुन्हा थेट सांगाड्यावर चिकटवण्यापेक्षा पॅनेल करा: कार्डबोर्डचे साचे कापा, त्यावरून 4 मिमी प्लाय कापा, कापड दुमडायला प्रत्येक कडेला 2–3 मिमी कमी ठेवा. प्लायला मागून इपॉक्सी द्या, व्हिनाइल स्टेनलेस स्टेपलने ताणून बसवा आणि सांगाड्यावर इपॉक्सीने चिकटवलेल्या पट्ट्यांना स्क्रूने लावा. डेकवरचा एखादा नट आवळायचा झाला, तर चार स्क्रू काढले की हात पोहोचतो.