हार्मोनच्या गोळ्या चालू असताना रक्ताची गुठळी: ओळखायची कशी आणि पुढे काय करायचं

पोटरी दुखायला लागली की आपल्याकडे आधी तेल गरम होतं, मग बाम, मग शेक. मिरजेत माझ्या वॉर्डात येणाऱ्या बऱ्याच बायका हे सगळं उरकूनच येतात. हार्मोनची कुठलीही गोळी चालू असेल तर पाय चोळू नका. आतल्या शिरेत गुठळी असेल, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आधी पाय मापा. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली जे हाड पुढे हाताला लागतं, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर बघा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फरक कमी असला, पण एकच पाय गरम, लालसर किंवा निळसर झाला असेल आणि दुखणं थांबत नसेल, तरीही दाखवा. पोटरीत आलेला साधा गोळा काही मिनिटांत उतरतो, गुठळीचं दुखणं उतरत नाही. पंजा वर वाकवून दुखतंय का बघायची जुनी चाचणी भरवशाची नाही, तिच्यावर विसंबू नका.

अचानक धाप लागली, खोल श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीतून रक्त आलं किंवा भोवळ आली, तर थेट १०८ ला फोन करा. पूर्वी कधी दुखलं नाही असं डोकं दुखून उलट्या झाल्या, अंधुक दिसलं, झटका आला किंवा हातपाय लुळा पडला, तरीही तेच करा.

आता ज्या पायरीवर सगळं अडतं, ती सांगते. डॉक्टर विचारतात, "कुठली गोळी चालू आहे का?" बाई म्हणते, "नाही, काही नाही." ती खोटं बोलत नसते. गौरी बसायच्या आधी पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून आणलेली गोळी तिच्या हिशेबी औषधच नसते. मांढरदेवीची यात्रा असो, घरातली पूजा असो, नाहीतर लग्न, ही गोळी घराघरांत घेतली जाते. तिच्यात बहुधा नोरेथिस्टेरॉन असतं आणि शरीर त्यातल्या थोड्या भागाचं इस्ट्रोजेन बनवतं. काही जणी त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्याच घेतात, त्यांत इस्ट्रोजेन सरळच असतं. इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त तयार करतं. त्यात मुंबईहून गावी येताना रात्रभर गाडीत बसून प्रवास, उपास आणि पाणी कमी. अशा वेळी गुठळी पायातच होते असं नाही, मेंदूच्या शिरेतही होते. त्या डोकेदुखीला घरात "उपासाचं पित्त" म्हणतात आणि दोन दिवस वाया जातात.

नेमकं कसं विचारायचं, हे कळायला मला बराच काळ लागला. गोळीबद्दल विचारून उत्तर मिळत नाही. सासूबाईंना आणि नवऱ्याला जरा बाहेर बसवून मी विचारते, "ताई, पाळी या महिन्यात वेळेवर आली का? घरात देवाचं काही होतं का?" मग सगळं बाहेर येतं. तुम्ही पेशंटबरोबर जात असाल तर हेच विचारा आणि रिकामं पाकीटसुद्धा पिशवीत घाला. पीसीओडीच्या गोळ्या, पाळी गेल्यानंतरची हार्मोन्स, मूल राहण्यासाठीची इंजेक्शनं, स्तनाच्या कॅन्सरनंतरचं टॅमॉक्सिफेन, हे सगळं सांगायचं. ट्रान्सजेंडर भगिनींनी तर न संकोचता सांगावं. शरीरात बदल व्हावेत म्हणून स्वतःच्या मनाने गर्भनिरोधक गोळ्यांचा मोठा डोस घेणं फार धोक्याचं आहे.

पाळी पुढे ढकलायची किंवा गर्भनिरोधक गोळी गुठळीचा संशय आल्यापासून घेऊ नका. टॅमॉक्सिफेन मात्र परस्पर बंद न करता त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

तपासणी सोपी आहे. पायाची कलर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी), छातीचा सीटी अँजिओ (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन), डोक्याचा एमआरआय व्हेनोग्राफीसकट (म्हणजे मेंदूच्या शिरांचं चित्रही). डी-डायमर ही रक्ताची तपासणी आहे, पण ते वाढलं म्हणजे गुठळी आहेच, असं नाही.

उपचार म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, पोटावरच्या इंजेक्शनाने किंवा गोळीने, बहुधा किमान ३ महिने. हे औषध गुठळी वितळवत नाही. ते तिला वाढू देत नाही, आणि तेवढ्या वेळात शरीर ती विरघळवतं. म्हणून सूज उतरली की गोळी सोडायची नाही. रिव्हारोक्सॅबान ही रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली असेल तर तिचे पहिले २१ दिवस साधारणपणे १५ मिलिग्रॅम दोनदा असतात, मग २० मिलिग्रॅम एकदा, आणि हे जेवणाबरोबरच घ्यायचं. त्याऐवजी वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) बहुधा २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. त्यासाठी मेथी-पालक बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालतं. काळी शी झाली, लघवीतून रक्त आलं किंवा डोक्याला मार लागला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. पाळीत रक्तस्राव जास्त झाला तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी परस्पर थांबवू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळ्या गर्भाला चालत नाहीत, म्हणून या काळात दिवस राहू नयेत यासाठी तांबीसारखा उपाय आधीच विचारून घ्या.

गुठळी झाली होती हे लिहिलेला डॉक्टरांचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. पुढच्या गौरीला मेडिकलवाला कितीही ओळखीचा असला, तरी ती गोळी त्याच्याकडून घेऊ नका.