रेडिओ स्कॅनरवर रेकॉर्डिंग करताय? मग या चुका टाळा

हातातला स्कॅनर (एकामागून एक चॅनेल तपासत फिरणारा रेडिओ) रात्रभर रेकॉर्डला लावून पहिल्यांदा झोपलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी कार्डात साडेआठ तासांची एकच फाइल निघाली. ऐकायला बसलो तर टिक... टिक... टिक. शेजारचे काका चहाला आले होते. म्हणाले, "काहून बा, रातभर घड्याळ टेप केलं का?"

घड्याळ नव्हतं, झटका मशीन होतं. आमचं गाव हिंगणघाटपासून आत. रानडुकरं पऱ्हाटी आणि हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून इथे जवळपास प्रत्येक धुऱ्यावर तार ओढलेली असते आणि मशीन साधारण सेकंदाला एक झटका तारेत सोडतं. तार धड असेल तर रेडिओला फारसा त्रास होत नाही. पण ती ओल्या गवताला टेकली, इन्सुलेटर तडकला किंवा जोड सैल झाला की तिथे ठिणगी उडते आणि ठिणगी म्हणजे छोटा ट्रान्समीटरच. मी स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी कळ) अगदी उंबरठ्यावर ठेवला होता, म्हणून प्रत्येक टिकेला तो उघडत होता. त्यात डिले, म्हणजे बोलणं थांबल्यावरही त्याच चॅनेलवर थांबायचा वेळ, दोन सेकंदांचा. म्हणजे स्क्वेल्च बंद होऊन स्कॅनर पुढे सरकायच्या आत पुढची टिक हजर! रात्रभर तो एकाच चॅनेलवर अडकून बसला आणि बाकीचे चॅनेल कोणी ऐकलेच नाहीत.

उपाय दोन. घरच्या घरी: चॅनेल रिकामा असताना स्क्वेल्च खरखर थांबेपर्यंत चढवा, मग आणखी एक-दोन घर. वावरातला: अंधार पडल्यावर धुऱ्याने चक्कर मारा. ठिणगी निळसर दिसते आणि चटचट ऐकूही येते. तारेला हात लावण्याआधी मशीन बंद करायला सांगा, एवढं तरी सांगावं लागू नये. मला ठिणगी तिसऱ्या खांबावर सापडली. मालकालाही बरं झालं, कारण झटका तिथेच गळत होता.

याच्या उलटी चूक म्हणजे भीतीपोटी स्क्वेल्च फार घट्ट करणं. मग दूरचे हलके सिग्नल कार्डात येतच नाहीत आणि आपण म्हणतो, आज बँड थंड आहे.

बोलण्याचा पहिला शब्द कापला जातो, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. स्कॅनर चॅनेलमागून चॅनेल तपासत फिरतो. समोरचा बोलायला लागतो तेव्हा तो दुसरीकडे असतो. दोनशे चॅनेल भरून ठेवले तर फेरी लांबते आणि कॉलसाइनचं (बोलणाऱ्याच्या परवान्यावरच्या नावाचं) पहिलं अक्षर हमखास जातं. मी रेकॉर्डिंगसाठी वेगळी आठ-दहा चॅनेलची यादी ठेवतो. डिले मात्र काढून टाकू नका. तो शून्य केला तर प्रश्न रेकॉर्ड होतो आणि उत्तर येईपर्यंत स्कॅनर निघून गेलेला असतो.

मध्येच एक गोष्ट. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे आणि मी रेकॉर्ड करतो तो हॅम लोकांचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि अंतराळ स्थानक. पोलिसांचं किंवा इतर कुठल्या खात्याचं बोलणं ऐकणं, साठवणं, गावच्या ग्रुपवर टाकणं हे कायद्यात बसत नाही. "नुसतं ऐकलं तर काय होतं" हा युक्तिवाद ठाण्यात करून पाहायची माझी इच्छा नाही.

रिप्ले आणि रेकॉर्ड एकच समजू नका. बऱ्याच स्कॅनरांत रिप्ले म्हणजे नुकतंच ऐकलेलं पुन्हा वाजवणं. ते तात्पुरत्या मेमरीत असतं आणि स्कॅनर बंद केला की गेलं. कार्डावर जपायचं तर रेकॉर्डिंग वेगळं चालू करावं लागतं. शिवाय रिप्ले वाजत असताना स्कॅनर सहसा नवीन काही ऐकत नाही. समोर गप्पा रंगल्या असताना मागचं वाक्य ऐकायला गेलात तर पुढची तीन हुकतात.

सेल संपला किंवा घाईत काढला तर चालू फाइल अर्धवट राहते आणि फोनवर शून्य सेकंदांची दिसते. फेकू नका. संगणकावर ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट रॉ डेटा' घ्या, १६ बिट, मोनो आणि आपल्या यंत्राचा नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने; माझ्या यंत्रात ८,०००) टाका. आवाज बहुतेक वेळा परत येतो. या दराने तासाला सुमारे ५८ एमबी लागतात, त्यामुळे मोठ्या कार्डाची हौस नको. ३२ जीबीपर्यंतचं, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेलं कार्ड पुरे. चार्जिंगची सोय यंत्रातच असेल तर साधे अल्कलाइन सेल आत ठेवून चार्जर लावू नका. सेल फुटून पाझरतात.

तारीख-वेळ तपासा. सेल काढून ठेवले की काही यंत्रांचं घड्याळ मागे जातं आणि फायली भलत्याच वर्षाच्या नावाने पडतात. हॅमची नोंद जागतिक वेळेत असते: आपले संध्याकाळचे ७:४२ म्हणजे तिकडचे १४:१२. ही साडेपाच तासांची गल्लत करून मी एकदा अंतराळ स्थानकाची डोक्यावरून जाणारी पूर्ण फेरी घालवली.

स्थानकाचंच बोलायचं तर दोन गोष्टींनी लोक फसतात. पहिली: शाळेतली मुलं अंतराळवीरांशी बोलतात, तेव्हा आपल्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त उत्तरं असतात. यंत्र बिघडलेलं नसतं. स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं. मुलांचा प्रश्न दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, दुसऱ्या कुठल्या शहरातून वर जातो, तो आपल्याला कसा ऐकू येणार?

दुसरी: चित्रं. कधीकधी तिथून आवाजाच्या सुरांत चित्र पाठवतात. पीडी-१२० पद्धतीत एक चित्र दोन मिनिटांच्या थोडं वर चालतं. आणि इथे वर सांगितलेलं सगळं उलटं करायचं. स्कॅन थांबवून चॅनेल धरून ठेवा आणि स्क्वेल्च पूर्ण उघडा, खरखरीसकट. कारण सिग्नल क्षणभर दबला आणि स्क्वेल्च मिटला तर रेकॉर्डिंग तेवढा तुकडा गाळून पुढे चिकटवतं. बोलण्यात ते कळत नाही, पण चित्राची प्रत्येक ओळ वेळेवर मोजलेली असते. थोडासा तुकडा गळाला की खालचं चित्र बाजूला सरकू शकतं. स्थानक येताना फ्रिक्वेन्सी साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली भासते, म्हणून वरून सुरू करून खाली उतरत ऐका. फेरी जेमतेम दहा मिनिटांची. घरात न बसता स्लॅबवर जा. टिनाच्या छपराखाली काही हाती लागत नाही.

चित्र काढायला फोनवर रोबोट-३६ हे अ‍ॅप मी वापरतो. स्कॅनर वाजवून फोन शेजारी ठेवायचा हा सोपा मार्ग, पण खोलीतला प्रत्येक आवाज चित्रात उतरतो. माझ्या एका चित्रात मधोमध आडवा पट्टा आहे, तो शेजारच्या कोंबड्याचा. फोनवरच टिपलेली ती आवाजाची फाइल मी मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवली, तर त्याच्याकडे पट्टा तर दिसलाच, वर सगळं चित्र धुरकट. आवाज दाबला गेला होता. आता डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, आणि चित्र काढायचं असलं की कोंबड्याकडच्या खिडकीला कडी लावतो.