लॉनमोवर ब्लेनी पाळताय? या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दगडांवर हिरवट थर धरला की कुणीतरी सांगतंच, 'एक लॉनमोवर ब्लेनी सोडा.' सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. तांबड्या समुद्रापासून ग्रेट बॅरिअर रीफपर्यंत उथळ पाण्यात राहणारा हा जेमतेम १४ सेंटिमीटरचा मासा. फणीसारख्या बारीक दातांनी तो खडकावरचं शेवाळ आणि त्यात अडकलेला गाळ दिवसभर खरवडत असतो. दिवसभर, हे महत्त्वाचं.

म्हणूनच सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे त्याला नव्या टँकमध्ये सोडणं. माझा टँक दोन महिन्यांचा होता. ब्लेनीने तीन आठवड्यांत काचा लखलखीत केल्या, मी खूश. मग त्याचं पोट खपाटीला गेलं. मला वाटलं आजार आहे, म्हणून औषधं घातली. तो उपाशी होता, आणि मला कळेपर्यंत उशीर झाला. टँक किमान सहा महिने मुरलेला हवा, शंभर-सव्वाशे लिटरचा, भरपूर दगड असलेला. आणि मागची काच घासू नका, ती त्याच्यासाठी सोडा. काचेवर त्याच्या ओठांचे गोल ठसे दिसले की समजा, चरणं नीट चाललंय.

पोट रोज बघा. छातीच्या पराच्या मागे गोलाई हवी. खळगा दिसला तर त्याच दिवशी खाणं वाढवा. बिनमिठाची, बिनतेलाची नोरी (सुक्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद) आणा आणि दोऱ्याने दगडाला बांधून त्याच्या बिळाजवळ ठेवा. बरेच जण ती वर काचेला चिमट्याने लावतात. ती टँग (शेवाळ खाणारे, वर पोहणारे मासे) खाऊन टाकतात, खाली बसणाऱ्या ब्लेनीच्या वाट्याला काही येत नाही. माझा हल्लीचा उपाय: बादलीत खारं पाणी आणि चार दगड घालून उजेडात ठेवायचे, शेवाळ धरलं की एकेक दगड टँकमध्ये ठेवायचा. नोरीकडे पाठ फिरवणारा मासाही अशा दगडावर लगेच चरायला लागतो.

त्याच्याकडून भलत्या अपेक्षाही नकोत. केसांसारखं लांब वाढलेलं शेवाळ तो सहसा खात नाही. ते आधी हाताने उपटा, मग उरलेले खुंट तो खाईल. बुडबुड्यांसारखं शेवाळ किंवा लालसर चिकट थर त्याच्या कामाचा नाही. तिथे पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, तपासा, आरओचं पाणी वापरा, खाणं टाकताना हात आखडता घ्या.

काही वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. तो दगडावर टेकून बसतो, कारण ब्लेनींना पाण्यात तरंगायला लागणारी हवेची पिशवी नसते. रात्री रंग फिका, ठिपकेदार होतो, तेही ठीक. पण शिंपल्याच्या मांसल कडेला किंवा प्रवाळाला तो टोचायला लागला, तर बहुधा भूक आहे. आधी खाणं वाढवून बघा.

दुसरी ब्लेनी त्याच टँकमध्ये सोडू नका, जागेवरून भांडणं होतात. आणि टँकवर जाळी हवीच, कारण घाबरला की हा उडी मारतो. वायर-पाइपसाठी कोपऱ्यात ठेवलेली फटही बुजवा, एवढ्याशा जागेतूनही तो बाहेर पडतो.